पाण्याची निजानीज

कोकणातल्या माणसाला ‘आगोट’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मृग तोंडावर आला की घरोघर जी धांदल उडते ती आगोट. माझी आई वैशाख लागताच पदर खोचायची, तो थेट पहिल्या सरीलाच सोडायची. कौलांची शाकारणी, पडवीला झडी, लाकूडफाटा माळ्यावर, मिरच्या, आमसुले, सुके बोंबील बरण्याडब्यांत. आणि सगळे झाले की अंगणात उभी राहून ती आभाळाकडे अशी बघायची, की ये म्हणावे आता काय यायचे ते!

सत्तरी उलटल्यावर मला आणखी एक आगोट पाहायला मिळाली. ती सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात. पावसाची नव्हे, बर्फाची. आणि घराची नव्हे, चाकांवरच्या घरातल्या पाण्याची. आईच्या आगोटीत घर भरायचे असे. इथे रिकामे करायचे होते. आणि त्या रिकामे करण्यात माझ्या हातून एक चूक झाली. तिच्याबद्दल पुढे दीड वर्ष मी तोंड मिटून बसलो. ती सांगायची तर आधी आमच्या व्याह्यांची ओळख करून दिली पाहिजे.

मुलगा मिनिआपोलिसला असतो. सून तिथलीच; तिचे माहेर उत्तरेला अडीचशे किलोमीटरवर, लेक सुपीरियरच्या काठी, डुलूथ या गावी. लग्न ठरले तेव्हा तिने मुलाला विचारले, ‘माझ्या वडिलांनी तुझ्या वडिलांना काय म्हणायचं?’ इंग्रजीत या नात्याला नावच नाही! मुलाने ‘व्याही’ हा शब्द सांगितला आणि तिने तो आपल्या वडिलांकडून घोकून घेतला. त्यांना तो इतका आवडला की त्यांनी मला दुसऱ्या कोणत्याही नावाने कधी हाक मारली नाही. त्यांना एकेरी नावाने हाक मारणे मला काही केल्या जमेना, तेव्हा मीही त्यांना व्याहीच म्हणू लागलो. दोन म्हातारे एकमेकांना ‘व्याही, व्याही’ म्हणत अंगणात वावरत आहेत, हे पाहून शेजारच्यांना ते आमचे नावच वाटले असेल.

व्याही माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. उंच, रुंद, हाताचे पंजे फावड्यासारखे आणि बोलणे अगदी बेताचे. त्यांच्या घरामागे एक पांढरा ट्रेलर उभा असे. पिकअपच्या मागे जोडून ओढत न्यायचा, म्हणजे अगदी शब्दशः विंचवाचे बिऱ्हाड. आत शेगडी आहे, पलंग आहे, न्हाणीघर आहे, संडास आहे. उन्हाळाभर दोघे नवराबायको हे बिऱ्हाड घेऊन रानांतून, सरोवरांच्या काठांनी हिंडत. त्या राज्यात सरोवरांना तोटा नाही. मोटारींच्या पाट्यांवरसुद्धा नंबराच्या जोडीला ‘१०,००० सरोवरे’ असे छापलेले असते.

या बिऱ्हाडाच्या पोटात पाण्याचा एक छोटा संसार असतो. जमिनीखाली १५० लिटरांची टाकी, तिला विजेचा एक चिमुकला पंप, पाणी तापवायचा बंब आणि तिथून भिंतीभिंतींतून, कपाटांमागून गेलेल्या बोटाएवढ्या प्लास्टिकच्या नळ्या. गाव सोडून रानात गेले तरी नळ सोडला की पाणी येते, ते या संसाराच्या जोरावर. उन्हाळ्यात त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण थंडी आली की हेच पाणी घरभेदी होते.

हे मला कुणी शिकवायला नको होते, निदान तसा माझा समज होता. दापोली तालुक्यातल्या एका शाळेत १९७४ पासून २००९ पर्यंत मी विज्ञान शिकवले. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वात जड असते, त्याखाली थंड केले तर आकसण्याऐवजी फुगू लागते, आणि गोठताना तर १०० लिटर पाण्याचे बर्फ १०९ लिटरांची जागा मागते. पस्तीस वर्षे दरसाल हा धडा मी खडूने फळ्यावर गोठवला आणि डस्टरने वितळवला. प्रत्यक्षात गोठलेले तळे मी कधी पाहिले नव्हते. माझ्या विद्यार्थ्यांनी तर गारासुद्धा क्वचितच. म्हणून १९७८ साली मी एक प्रयोग योजला. आमच्या बंदरावर मासळीसाठी बर्फाचा कारखाना होता. मिठाच्या थंडगार पाण्याच्या हौदात पत्र्याचे डबे सोडून तिथे बर्फाच्या लाद्या करीत. सातवीच्या चाळीस मुलांची वरात घेऊन मी तिथे गेलो, काठोकाठ पाणी भरून बूच तारेने आवळलेली एक काचेची बाटली दोरीला बांधली आणि मालकांचे लक्ष नाही असे पाहून हौदात सोडली. संध्याकाळी दोरी ओढली तर वर नुसती मान आली. बाकीची बाटली हौदाच्या तळाशी. मालकांनी चाळीस मुलांसमोर माझा जो उद्धार केला, त्यातले काही शब्द मुलांना धड्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राहिले.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो आहे. ती व्याह्यांनाही सांगितली, आणि नको त्या वेळी सांगितली.

२०२२ च्या ऑक्टोबरातली १५ तारीख, शनिवार. कोजागिरी नुकतीच झाली होती आणि दिवाळी नऊ दिवसांवर होती. आम्ही दोघे मुलगा-सुनेबरोबर डुलूथला गेलो होतो. बर्च झाडांची पिवळी पाने अंगणभर पडली होती. पुढच्या आठवड्यात कडक थंडी येणार, असे भाकीत होते. डुलूथला जानेवारीत पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश सेल्सिअस उतरणे ही काही बातमी नव्हे, तेव्हा ट्रेलरचे पाणी निजवायला याहून उशीर करून चालणार नव्हते.

न्याहारी होताच व्याह्यांनी माझ्या हातात एक पुठ्ठा दिला. त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या ठसठशीत अक्षरात सतरा कलमे लिहिलेली होती आणि वरून प्लास्टिक गुंडाळले होते. वीस वर्षे हे काम ते डोळे मिटून करीत आले होते. पुठ्ठा त्याच उन्हाळ्यात, विहीणबाईंच्या आग्रहावरून तयार झाला होता. ते म्हणाले, ‘व्याही, तुम्ही मास्तर. तुम्ही वाचा, मी करतो. हल्ली माझ्यावर विसंबू नका, पुठ्ठ्यावर विसंबा.’ आणि हसले. मीही हसलो. वयाची थट्टा समजून हसलो.

काम सोपे आहे, पण क्रम चुकवून चालत नाही. सांडपाण्याच्या टाक्या आदल्या आठवड्यातच रिकाम्या झाल्या होत्या. आता चांगल्या पाण्याची टाकी. ट्रेलरखाली एक तोटी असते, ती फिरवली की धार लागते. टाकीत शंभरेक लिटर तरी पाणी असावे, कारण धार बराच वेळ थांबेना. ते पाणी पानांवरून वाहत उताराला लागलेले पाहून आमच्या हिचा जीव कासावीस झाला. चैत्र-वैशाखात विहिरीच्या तळाला कळशी खरवडणारी बाई ती. ‘अहो, चांगलं पिण्याचं पाणी आहे ते!’ असे म्हणत तिने विहीणबाईंच्या मोरीखालून दोन बादल्या काढल्या आणि धारेखाली आळीपाळीने लावून सगळे पाणी त्यांच्या झाडांना घातले. ती झाडे आठवडाभरात निष्पर्ण होऊन सहा महिन्यांची झोप घेणार होती. दहा हजार सरोवरांच्या मुलखात, आणि जगातल्या गोड्या पाण्याच्या सर्वात विस्तीर्ण सरोवराच्या काठी, माझी बायको दोन बादल्या पाणी वाचवत होती! विहीणबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. मग त्यांनीही एक बादली उचलली.

त्यानंतर बंब. तो आदल्या रात्रीच बंद करून निववलेला असतो, कारण तापलेल्या, दाबातल्या बंबाचे बूच काढणे म्हणजे अंगावर उकळते पाणी घेणे. आधी वरची झडप उघडून दाब सोडायचा आणि मग पान्याने खालचे बूच. बूच निघताच पाणी भसकन बाहेर आले आणि पाठोपाठ पांढरट चुरा, उन्हाळाभर साठलेला क्षार. आमच्याकडे तांब्याच्या बंबाच्या बुडाला बसतो तसाच. मला उगीचच घरी असल्यासारखे वाटले.

बंब रिकामा झाला की त्याला वगळून पाणी पुढे जाईल, अशा बेताने तीन झडपा फिरवायच्या. नाहीतर पुढे जो महागाचा द्रव आत सोडायचा, तो वीस-बावीस लिटर नुसत्या बंबाच्याच पोटात जाईल. गाळणीतली नळकांडी काढून ठेवायची. ट्रेलरच्या सर्वात खालच्या अंगाला दोन नळ्या लोंबत असतात, एक गरम पाण्याची, एक गार पाण्याची. त्यांची बुचे काढली की भिंतींतले पाणी ठिबकत राहते. पण थेंब थेंब कुठेतरी राहतोच. नळ्यांना पोट आलेले असते, वाकणे असतात, पंपाच्या पोटात घोटभर पाणी दडते. काही लोक नळ्यांतून दाबाची हवा फुंकून तेही बाहेर काढतात. व्याह्यांचा भरवसा गुलाबी पाण्यावर.

हे गुलाबी पाणी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळलेले पाणी. दुकानात प्लास्टिकच्या कॅनमधून मिळते, आणि रंग अगदी आमच्या लहानपणच्या गोळीबंद सरबतासारखा. मोटारीच्या इंजिनात घालतात ते निराळे. ते बहुधा एथिलीन ग्लायकॉलचे असते. चवीला गोड आणि पोटात गेले तर विषारी. कुत्री-मांजरी त्याच्या गोडीने चाटतात आणि प्राणाला मुकतात. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत ते कधी घालायचे नाही. गुलाबी पाणी त्या मानाने निरुपद्रवी. ते फार थंडीत घट्ट होते, बर्फाच्या गोळ्यातल्या रगड्यासारखे रवाळ होते, पण नुसत्या पाण्यासारखे फुगून नळी फोडीत नाही. पंपाची चोखनळी त्या कॅनमध्ये बुडवायची, पंप चालू करायचा, आणि एकेक नळ सोडायचा. आधी हवेचे फुरफुर, मग उरलेसुरले पाणी, मग फिकट गुलाबी, मग गडद. गडद आले की बंद. मग दुसरा नळ. प्रत्येक नळाला गरम आणि गार अशी दोन तोंडे, आणि प्रत्येक तोंडातून गुलाबी यायलाच हवे.

इथपर्यंत आमची जोडी छान जमली होती. मी खणखणीत आवाजात कलम वाचायचो, आतून व्याह्यांचे ‘झालं!’ यायचे. दहावे कलम न्हाणीघरातल्या शॉवरचे. तो गुलाबी होईपर्यंत ते वाट पाहत उभे होते, तेव्हा त्यांनी सहज विचारले, ‘व्याही, तुमच्याकडे तर बर्फ नाही. मग हे सगळं तुम्हाला कसं माहीत?’

एवढे पुरे झाले! मी पायरीवर उभा राहून बर्फाच्या कारखान्याची गोष्ट सुरू केली. वरात, हौद, दोरी, बाटलीची मान, मालकांचे शब्द. शब्दांचे भाषांतर करताना मी जरा अडखळलो, पण भावार्थ पोचला. व्याही इतके हसले की डोळे पुसू लागले. मग मी धडाही दिला. नळी नेमकी बर्फ होते तिथेच फुटते असे नाही. बर्फाचा बोळा वाढत वाढत पुढे सरकतो आणि बंद नळापर्यंत जे पाणी कोंडले जाते त्याच्या दाबाने ती फुटते, म्हणून काम संपले की नळ उघडे ठेवायचे, वगैरे वगैरे. ते मान डोलावत होते. वीस वर्षे ते नळ उघडे ठेवत आले होते, पण मास्तराला कोण अडवणार? गोष्ट संपली, मी पुठ्ठा उलटला आणि बारावे कलम वाचले, ‘संडास.’

अकरावे कलम पुढच्या बाजूला अगदी तळाला होते. माझ्या अंगठ्याखाली.

ते होते बाहेरच्या शॉवरचे. ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला एक छोटे झाकण असते, त्यात दोन चाव्या आणि एक हातशॉवर. चिखलाचे पाय, मासळीचे हात धुवायला. झाकण लावलेले असले की तिथे काही आहे असे वाटतही नाही. आम्ही उरलेली सहा कलमे नेटाने पार पाडली. मोरीखालच्या वाकड्या नळीत दुर्गंधी अडवायला नेहमी थोडे पाणी साचलेले असते, तेही गोठू नये म्हणून प्रत्येक मोरीत पेलाभर गुलाबी पाणी ओतले. व्याह्यांनी दाराला कुलूप लावले, ट्रेलरच्या पत्र्यावर घोड्याच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली आणि म्हणाले, ‘निजला.’ विहीणबाईंनी सफरचंदाचा पाय केला होता, हिने आणलेल्या चकल्या होत्या. मोठा आनंदाचा दिवस गेला.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही दापोलीला होतो. मुलाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, डुलूथचा ट्रेलर फुटला. पहिल्यांदा पाणी भरून पंप लावला तर भिंतीच्या आतून खळखळाट. बाहेरच्या शॉवरची जोडणी उभी चिरली होती. भिंतीतली फळी भिजून फुगली, पत्रा काढावा लागला. फोटोही पाठवला. मी चष्मा लावून पाहिला आणि त्या क्षणी मला तो पुठ्ठा दिसला. दहावे कलम दिसले, बारावे दिसले. अकरावे वाचल्याचे काही केल्या आठवेना. मी ते वाचलेच नव्हते.

मुलगा पुढे म्हणाला, ‘बाबा, ट्रेलरचं काही नाही हो. पण त्यांनी फार मनाला लावून घेतलंय. म्हणतात, वीस वर्षांत असं झालं नाही, माझं डोकंच आता कामाचं राहिलं नाही. अलीकडे विसरतातही बरंच. औषधं विसरतात, रस्ता विसरतात.’

मी काय म्हणालो? ‘अरेरे,’ म्हणालो.

त्यानंतर सांगायची संधी काही कमी आली नाही. दर रविवारी फोन असे. पण प्रत्येक वेळी मला सबब सापडे. एवढ्या लांबून कसे सांगायचे, इंग्रजीत नेमके शब्द सापडायचे नाहीत, आता दुरुस्ती झालीच आहे. पाऊसभर मी असा घुसमटत राहिलो आणि गौरी जेवल्या त्या रात्री हिला सांगून टाकले. ती वातींचा कापूस पिंजत होती. म्हणाली, ‘मग सांगा की त्यांना.’

‘अगं, फोनवर? इंग्रजीत?’

‘पस्तीस वर्षं पोरांना बाकावर उभं करून चूक कबूल करायला लावलीत. तुम्हाला बाक हवाय का?’

तरीही मी सांगितले नाही. त्या शरद ऋतूत डॉक्टरांनी व्याह्यांच्या विसरण्याला एका आजाराचे नाव दिले. ते ऐकल्यावर मला आणखी एक सबब मिळाली, आणि ही सगळ्यांत वाईट होती. आजार खराच आहे, मग एका नळीचे काय घेऊन बसायचे?

२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही पुन्हा गेलो. १८ तारखेला, शुक्रवारी रात्री, डुलूथला जेवायच्या टेबलाशी बसलो असताना मी सगळे सांगून टाकले. आधी वाक्ये मनात रचून ठेवली होती, ती ऐनवेळी विस्कटली. अंगठा दाखवला, पुठ्ठा कसा धरला होता ते ताटलीने करून दाखवले. सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली. व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘कुठला शॉवर?’

मी पुन्हा सांगितले. ‘बाहेरचा. फुटला होता तो.’

‘फुटला?’ त्यांनी विहीणबाईंकडे पाहिले. ‘फार नुकसान झालं का?’ आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘असू दे, व्याही. नळीच ती.’

दीड वर्ष जे मी गिळून बसलो होतो ते त्यांच्यापुरते कुठे उरलेच नव्हते. मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. तसे वाटले नाही.

जेवणानंतर मी भांडी पुसायला विहीणबाईंच्या शेजारी उभा राहिलो. तिकडे पुरुषांनी भांडी पुसली तर कुणाला काही वाटत नाही, आणि मला तेवढे निमित्त हवे होते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘त्या मे महिन्यात त्यांनी पिकअपच्या किल्ल्या माझ्या हातात आणून दिल्या. म्हणाले, ज्याला स्वतःचा शॉवर आठवत नाही त्याने गाडी चालवू नये.’

माझ्या हातातले फडके तसेच राहिले.

‘दिल्या ते बरंच झालं,’ त्या म्हणाल्या. ‘मी मागणारच होते, धीर होत नव्हता. पण कारण खोटं होतं, हे त्यांना कळायला हवं होतं.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. शेवटची बशी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, ‘उद्या सकाळी पुन्हा सांगा. सकाळी ते बरे असतात.’

सकाळी गवतावर दहिवर गोठले होते; चालले की बुटांखाली कुरकुर वाजत होते. पुठ्ठा तोच होता, फक्त अकराव्या कलमाखाली कुणीतरी तांबड्या शाईने दोन रेघा ओढल्या होत्या. मुलगा मदतीला येऊ लागला, त्याला विहीणबाईंनी हाताला धरून घरात नेले. व्याही ट्रेलरखाली आडवे झाले. तोटी कुठे आहे, कुठल्या बाजूला फिरते, हे त्यांना विचारावे लागले नाही. पुठ्ठ्यावरचे वाचायचा अवकाश, की हात आपोआप तिकडे जात. बंबाला लागणारा पाना त्यांनी खोक्यातल्या तीस पान्यांतून न बघता उचलला. मधेच मात्र थांबून ‘आपण कुठे निघालोय?’ असे विचारीत. कुठेही नाही, हिवाळ्याची तयारी आहे, असे मी सांगे. ‘हां, हां,’ म्हणत ते पुन्हा कामाला लागत.

टाकीची धार चालू असताना मी गुडघ्यांवर बसलो, ट्रेलरखाली डोके घातले आणि पुन्हा सगळे सांगितले. किल्ल्यांचेही सांगितले. म्हणालो, ‘व्याही, तुम्ही विसरला नव्हता. मी वाचलं नाही.’

ते पाठीवर पडून माझ्याकडे बघत होते. कपाळाला चिखल लागला होता. कितीतरी वेळाने म्हणाले, ‘तुम्ही त्या बाटलीची गोष्ट सांगत होता.’

‘हो.’

‘मुलं होती. आणि बर्फवाला माणूस चिडला होता.’

‘फार चिडला होता.’

‘मग बरोबर आहे,’ ते म्हणाले, ‘गोष्ट चांगली होती.’ आणि ट्रेलरखालीच हसू लागले. त्यांना किती कळले, किती दुपारपर्यंत टिकले, ते मी विचारले नाही. दुपारी ते पुन्हा किल्ल्या शोधत होते, हेही खरे आहे.

दहावे कलम आले. न्हाणीघरातला शॉवर फुरफुरला, फिकट झाला, गडद झाला. व्याही दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘व्याही, ती बाटलीची गोष्ट सांगा ना.’

सांगितली. पण आधी पुठ्ठा पायरीवर उताणा ठेवला आणि अकराव्या कलमावर पाना ठेवला. मालकांच्या शब्दांचे भाषांतर या खेपेला जास्त चांगले जमले.

मग आम्ही दोघे ट्रेलरला वळसा घालून बाहेरच्या बाजूला गेलो. झाकण व्याह्यांनी उघडले. हातशॉवर माझ्या हातात दिला, दोन्ही चाव्या एकामागून एक फिरवल्या, आणि आधी थुंकल्यासारखे दोनचार शिंतोडे उडून मग गुलाबी धार बर्चच्या पिवळ्या पानांवर पडू लागली. गडद झाली तरी मी ती चालूच ठेवली. तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि हिचा आवाज आला, ‘अहो, ते पाणी झाडांना घालायचं का?’